नऊ नंबरचं पाकीट

डॉक्टर, मी फोन उचलला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेले बारा दिवस जो तो मला विचारून राहिलाय की शेवटचं बोलणं कधी झालं, आणि मी प्रत्येकाला काहीतरी थातुरमातुर सांगतेय. तुमच्याशी तरी खोटं बोलायला नको. मंगळवारी तुमचा फोन आला, बुधवारी आला, गुरुवारी सकाळी आला. तिन्ही वेळा फोन माझ्या हाताशी होता आणि स्क्रीनवर ‘डॉक्टर हॅरो’ असं स्वच्छ दिसत होतं. तिन्ही वेळा मी तो वाजू दिला. गुरुवारी दुपारी तुम्ही गेलात.

लोकांना काय समजावून सांगू मी? क्रिमेटोरियमच्या कारपार्कमध्ये तुमच्या हॉस्पिटलातल्या एक जुन्या बाई भेटल्या. रिटायर झाल्यावर डॉक्टर नक्की काय करायचे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आम्ही दोघं मिळून अमेरिकेतली कॉलेजची मुलं बघायचो. त्या चपापल्याच. मग मी घाईघाईनं सांगितलं, लग्नासाठी नाही हो, फुटबॉलसाठी. तुम्ही असतात तर हसता हसता तुम्हाला ठसका लागला असता, आणि काकू पाणी घेऊन धावल्या असत्या.

पण खरंच, आपलं काम बाहेरच्याला सांगायचं म्हणजे पंचाईतच. अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्याच्या हातात चेंडू आला की खेळ सुरू होतो, तो क्वार्टरबॅक. समोरून चार धिप्पाड माणसं अंगावर धावून येतात आणि याला तीनेक सेकंदांत ठरवायचं असतं, चेंडू कुणाकडे फेकायचा. तिकडच्या एका व्यावसायिक टीमला दरवर्षी प्रश्न पडतो की कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांपैकी कुणाच्या हातात आपली टीम द्यावी. त्यांच्याकडे तिकडची माणसं ढिगानं आहेत. पण ती सगळी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची भक्त, टीव्हीवरची बडबड ऐकून आलेली. म्हणून त्यांनी इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या आमच्या छोट्याशा कंपनीला सांगितलं, ज्यांना त्या कॉलेजांची नावंही धड घेता येत नाहीत असे डोळे आम्हाला हवेत. एक डोळा मी, नागपूरची, आकडे आणि तक्ते करणारी. दुसरा डोळा तुम्ही, मूळ पुण्याचे, आता लंडनमधल्या हॅरोचे, आयुष्यभर लोकांचे खांदे उघडून शिवलेले.

पहिल्या दिवशी मला तुमचा रागच आला होता. आमचा साहेब मार्टिन तुम्हाला मीटिंग रूममध्ये घेऊन आला, तुम्ही स्वेटरच्या बाह्या वर सारल्यात, आणि मी आठवडाभर खपून केलेलं प्रेझेंटेशन सुरू होताच म्हणालात की आवाज बंद करा आणि मुलाचं नाव सांगू नका. मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, "नाव कळलं की त्याची आई दिसायला लागते." तेव्हापासून सात वर्षं आपण एकाही पोराचं नाव घेतलं नाही. सगळे नंबरानंच. बारा नंबर, सोळा नंबर. काकूंना तर वाटायचं आपण बसबद्दल बोलतोय.

आणि तो नारळ. देवापुढचा नारळ उचलून तुम्ही मला स्वयंपाकघरात तो त्यांचा लांबट चेंडू कसा धरतात ते दाखवायचात. बोटं शेंडीकडे, अंगठा खाली, कोपर खांद्याच्या रेषेत. "बघ, इथून जोर येतो, इथून नाही," असं म्हणत पासष्ट वर्षांचा माणूस फ्रिजसमोर पवित्रा घेऊन उभा. एकदा तो हातातून सुटला आणि काकूंच्या थालीपिठाच्या पिठात जाऊन पडला. त्या दिवशी काकूंनी तुम्हाला आणि मला दोघांनाही बाहेर काढलं होतं. मी हसत होते, आणि तुम्ही मात्र बागेत उभे राहून तोच मुद्दा पुढे चालवत होतात.

भांडलो किती आपण. मी म्हणायचे, दिसणं फसवं असतं, चार मोसमांचे आकडे बघा. तुम्ही म्हणायचात, आकडे झालेलं सांगतात, खांदा होणारं सांगतो. मी म्हणायचे, हे पुणेरी पाटीसारखं बोलणं पुरे. तुम्ही माझी नक्कल करायचात, "काहून चिडून राहिली?" तुमच्या तोंडी ते इतकं चुकीचं वाटायचं की मला भांडण सोडून तुमचा उच्चार सुधारावा लागायचा. आणि शेवटी बहुतेक वेळा मीच जिंकायचे. बोलण्यात मला कोण हरवणार? तिथेच घात झाला.

तेरा नंबर. तुम्ही पुन्हा कधी त्याचा विषय काढला नाहीत, पण आज मी काढते. त्याला तुम्ही दहापैकी चार दिले होतेत. चेंडू फेकताना तो कोपर जरासं खाली घेतो, खांद्याला जपतोय, असं तुमचं म्हणणं. मी तासभर फोनवर तुमचं डोकं खाल्लं. तक्ता नंबर एक, तक्ता नंबर दोन. शेवटी तुम्ही थकून म्हणालात, बरं बाई, सात लिही. मी सात लिहिले. टीमनं त्याला घेतलं. दुसऱ्या वर्षी त्याचा खांदा गेला तो गेलाच. पोरगा चोविसाव्या वर्षी घरी बसला.

ती बातमी आली त्या दिवशी तुम्ही न सांगता हॅरोहून ट्रेन पकडून आलात. स्टेशनपासून माझ्या घरापर्यंत रेडवेनं, म्हणजे इथल्या पायवाटेनं, चालत निघालात आणि अर्थातच चुकलात, इथे सगळे रस्ते आणि सगळे राउंडअबाउट सारखेच. मी गाडी घेऊन शोधायला निघाले तेव्हा तुम्ही एका बाकावर बसला होतात. मी म्हटलं, चूक माझी आहे. तुम्ही म्हणालात, "नाही. मला दिसलं होतं, आणि मी ते तुझ्या बोलण्यानं पुसलं. पुन्हा कधी पाहिलेलं पुसायचं नाही." तुमचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता मी.

तिथेच त्या बाकावर आपला नियम ठरला. नवीन पोराच्या सामन्यांची फिल्म आली की पहिल्या शनिवारी हॅरोला एकत्र बसून बघायची, हवं तेवढं भांडायचं, आणि मग तोंड बंद. दहा दिवस फोन नाही, मेसेज नाही, काकूंच्या हाती निरोपसुद्धा नाही. ज्यानं त्यानं आपापलं बघायचं. शेवटी एका कागदावर एक आकडा आणि एक वाक्य, पाकिटात बंद करून फर्स्ट क्लासच्या टपालानं दुसऱ्याला पाठवायचं. दोन्ही पाकिटं पोचली की तुम्ही फोन करायचा, आणि दोघांनी एकदमच फोडायची. मग पुन्हा भांडून एक आकडा ठरवायचा, तो रिपोर्टमध्ये. मार्टिनला हे कळल्यावर तो म्हणाला होता, ईमेल नावाची गोष्ट असते. तुम्ही त्याला सांगितलंत, ईमेल परत उघडून बदलता येते.

तर नऊ नंबर. शेवटचा शनिवार. तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, काकू धिरडी घालतायत. नऊ नंबर चेंडू हातात घेऊन उभा राहतो, जरा जास्तच उभा राहतो, समोरची माणसं अगदी अंगावर येईपर्यंत. मी म्हटलं, हा अडकतो, याला सुचत नाही. तुम्ही म्हणालात, हा थांबतो, याला दिसतंय, तो लांबवर धावणारा आपला माणूस मोकळा व्हायची वाट बघतोय. मी म्हटलं, वाट बघणाऱ्याला व्यावसायिक खेळात कुणी विचारत नाही, तिथे हाडं मोडतात. तुम्ही म्हणालात, घाईनं फेकणारे शंभर मिळतील. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. निघताना दारात तुम्ही म्हणालात, "दहाव्या दिवशी, सोमवारी पाकीट हवं. उशीर करू नकोस." मी म्हटलं, "मी कधी उशीर केलाय?" हे आपलं शेवटचं बोलणं, डॉक्टर. यात काय ठेवण्यासारखं आहे सांगा.

तुमचं पाकीट सोमवारी सकाळी वेळेवर माझ्या दारात पडलं. डाव्या कोपऱ्यात तुमचा तो लहानसा नऊ. माझं मात्र तयार नव्हतं. का नव्हतं ते ऐका. आठवडाभर मी एकटीनं फिल्म बघत होते आणि मला तुमचं म्हणणं दिसायला लागलं होतं. तो पोरगा खरंच बघत होता. मान जराशी फिरायची, पहिला माणूस सोडून द्यायचा, दुसरा सोडून द्यायचा. मला ते सहन होईना. मी त्याचे आणखी दोन जुने सामने काढले, मग आणखी दोन, की कुठेतरी तो अडकलेला सापडेल आणि मला तुमच्या विरुद्ध आकडा लिहिता येईल. कामासाठी नव्हे, डॉक्टर. निव्वळ तुमच्यापुढे नमतं घ्यायचं नव्हतं म्हणून.

आणि मंगळवारी तुमचा फोन वाजला. मी ऑफिसात होते. माझा पहिला विचार काय असेल? अरे वा, नियम करणारेच नियम मोडतायत. यांना राहवत नाहीये, मला पटवायला फोन करतायत. मी फोन पालथा घातला आणि मनात म्हटलं, एक गुण माझा. बुधवारी सुपरमार्केटबाहेर गाडीत बसले होते, पुन्हा तुम्ही. मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बघत बसले तो बंद होईपर्यंत. गुरुवारी सकाळी तर मी नऊ नंबरचाच सामना बघत होते. फिल्म थांबवलेली, तो चेंडू घेऊन उभा, शेजारी फोन वाजतोय. मला वाटलं, उचलावा. खरंच वाटलं. हात पुढे गेला होता. मग म्हटलं नको, आज पाकीट टाकते, उद्या बोलूच.

तुम्ही नियम मोडत नव्हतात. तुमचं पाकीट पोचलं होतं, सोमवार उलटून गेला होता, उशीर माझा होता. एक ओळीचा मेसेज टाकला असता, दोन दिवस द्या म्हणून, तर काय बिघडलं असतं? पण मेसेजही नियमात बसत नव्हता ना. बघा, कशी नियमाला पक्की मी.

गुरुवारी पाच वाजताच्या टपालात मी पाकीट टाकलं आणि अगदी खुशीत घरी आले. सहाला ब्रिस्टलहून निखिलचा फोन. इथेच वाढलेला, मोडक्या मराठीचा तुमचा मुलगा मला सहसा फोन करत नाही. म्हणाला, "ताई, बाबाला हार्ट अटॅक आली. बाबा नाही आहे आता." मी त्याला दोनदा विचारलं, कुठल्या हॉस्पिटलमध्ये नेलंय. तो बिचारा दोन्ही वेळा तेच वाक्य परत म्हणाला.

नंतर काकूंनी सांगितलं, मंगळवारपासूनच छातीत जरा भरल्यासारखं वाटतं म्हणत होतात. गॅस आहे म्हणून स्वतःच गोळी घेतलीत. चाळीस वर्षं लोकांना तपासलेला माणूस, आणि स्वतःच्या छातीला गॅस. एवढा राग आलाय ना मला तुमचा. म्हणजे ते तीन फोन कशासाठी होते, डॉक्टर? पाकिटासाठी, की त्या छातीसाठी? की काकूंना घाबरवायचं नाही आणि निखिल लांब, म्हणून मला गाडी घेऊन ये म्हणायचं होतं? मिल्टन कीन्सहून हॅरो तासाभराचा रस्ता. मी मंगळवारी आले असते. तुम्हाला गाडीत घालून नेलं असतं, भांडत भांडत नेलं असतं. मी काकूंना विचारलं, ते काय म्हणाले होते फोन ठेवताना. त्या म्हणाल्या, तिसऱ्यांदा ठेवल्यावर ते हसले. म्हणाले, "उचलत नाही. शिकली बरं का पोरगी."

हे ऐकल्यापासून मला धड जेवण जात नाही. तुम्ही शिव्या दिल्या असत्यात तर मी त्या घेऊन बसले असते. शाबासकी घेऊन मी कुठे जाऊ?

क्रिमेटोरियमला अर्ध्या तासाचाच स्लॉट मिळाला होता, तोही नऊ दिवस थांबून. काकूंच्या कुणा नातेवाइकानं तुमच्या हातापाशी नारळ ठेवला. शेंडी तुमच्या बोटांकडे होती. मला हुंदका आला की हसू, मलाच कळलं नाही. मी पुढे होऊन तो नारळ जरासा फिरवला, अंगठा खाली येईल असा. गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. निखिलनं मान हलवली, त्याला कळलं असावं.

आज सकाळी माझा फोन वाजला आणि स्क्रीनवर ‘डॉक्टर हॅरो’. काकूंनी तुमचा फोन अजून चार्जिंगला लावून ठेवलाय. पण ते नंतर सुचलं. आधी मी फोन उचलला, पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला, आणि म्हटलं, "बोला डॉक्टर, ऐकतेय." पलीकडे काकू होत्या. दोघी रडलो. मग त्या म्हणाल्या, सांत्वनाच्या कार्डांमध्ये तुझं एक पाकीट आलंय, त्यांच्या नावाचं, कोपऱ्यात नऊ लिहिलेलं. मी फोटोपाशी ठेवलंय. ते एकदम फोडायचं असतं ना?

इतकी वर्षं काकूंनी ते ऐकलं होतं तर. मी तुमचं पाकीट घेऊन बसले, त्या माझं घेऊन बसल्या. एक, दोन, तीन म्हटलं आणि फोडलं.

काकूंनी आधी वाचलं. "सात. आणि खाली लिहिलंय, डॉक्टरांचं बरोबर, याला दिसतं." त्यांनी विचारलं, सात म्हणजे चांगलं ना गं? मी हो म्हटलं. मग तुमचा कागद उघडला. अक्षर नेहमीसारखंच, प्रिस्क्रिप्शनवरचं. चार. "नागपूरकर म्हणते तेच खरं, हा अडकतो."

काय केलंत हे? तिकडे मी तुमच्या बाजूला येऊन बसले आणि इकडे तुम्ही उठून माझ्या बाजूला निघून गेलात. मला वाटलं होतं निदान या वेळी तरी आपलं जमलं असेल. काकू म्हणाल्या, "म्हणजे पटलं नाहीच तुमचं." मी म्हटलं, नाही काकू. त्या म्हणाल्या, मग आता कोणता लिहिणार? त्या मुलाचं काय?

तेच तर, डॉक्टर. त्या मुलाचं काय? रिपोर्टमध्ये एकच आकडा जातो. मी रकाना रिकामा ठेवून पाठवला. मार्टिननं परत पाठवला, शब्द फार मऊ वापरले होते, पण परत पाठवला. परवा दुपारपर्यंत वेळ दिलाय. दुपारपासून फिल्म लावून बसलेय. एकदा बघते तर तो थांबलेला दिसतो, पुन्हा बघते तर अडकलेला. माझं मला आता काहीच दिसत नाही. सात लिहिले आणि पुन्हा तेरा नंबर झालं तर? चार लिहिले, तर मी पाहिलेलं पुसल्यासारखं होईल, तुमच्या वाक्यानं. आणि ते तुम्ही कोणत्या सामन्यात बघितलंत, कितव्या मिनिटाला, खांदा बघून की पाय बघून, काही लिहिलं नाहीत. एकच वाक्य लिहायचं, हा नियमही आपलाच.

इतकी वर्षं तुमच्याशी बोलण्यात मी कधी माघार घेतली नाही. आज घेते. तुम्ही म्हणाल तो आकडा लिहिते, चार तर चार, तक्ते काढत नाही, मध्ये बोलत नाही, उच्चारसुद्धा सुधारत नाही. फक्त का ते एकदा सांगा. फोन टेबलावर आहे, उलटा नाही, सरळ ठेवलाय.